अंधारातल्या सोळा गड्ड्या

महिपतीनं कोल्ड रूमचा दांडा ओढला. आतल्या अंधारातून आवाज आला.

"आलास व्हय?"

परंदवडीजवळच्या या पॉलिहाऊसमधून रोज दुपारी एक वाजता तो गुलाब गाडीत भरायचा. त्यानं बाहेरचं बटण दाबून दिवा लावला. पालथ्या क्रेटवर श्रीपती आबा बसले होते. अंगात नुसता सदरा, ओठ निळे, हातात अर्धवट बांधलेली फुलांची गड्डी. खोलीत तीन अंश.

"आबा, किती वेळ?"

"दोन तास. जास्तच, पण कमी न्हाई."

*

फौजदार अपेक्षा ओव्हाळ अडीचला पोहोचल्या, तेव्हा डॉक्टर आबांना तपासून गेले होते आणि मॅनेजर प्रदीपनं उत्तर तयार ठेवलं होतं.

"सरळ आहे, मॅडम. एकला सापडले. दोन तास आत होते. म्हणजे अकराला कोंडलं. अकराला सगळ्या बायका फुलं तोडायला गेलेल्या. शेडमध्ये आबा आणि चैताली दोघंच. त्यांचं भांडणही झालं होतं. दार आतून उघडायची कळ महिन्यापासून मोडलीय, हे तिला ठाऊक आहे. खुनाचाच प्रयत्न हा."

"तुम्ही कुठं होता?"

"तहसीलला, वडगावला." त्यानं पावती पुढे केली. साडेअकराचा शिक्का. "बाराला परतलो. मग ऑफिसात."

"ऑफिसात सोबत कोण?"

"कोणी नाही. पण बारानंतरचं कशाला विचारताय?"

अपेक्षांनी पावती घडी करून वहीत ठेवली.

चैताली शेडच्या पायरीवर बसली होती. मांडीवर सात महिन्यांचं बाळ, झोपेतही ओठ चोखत असलेलं. पदराचं टोक त्यानं मुठीत धरलं होतं, आणि ते सुटू नये म्हणून ती अंग चोरून बसली होती.

"भांडण कशावरून?"

"ह्याला पाजायला घेतलं तर आबा वरडले. आधी हात धू, तोंड धू, लुगडं बदल, मग लेकराला शिव म्हनले. मी काय घाणीत लोळून आल्ते का?"

"कुठून आली होतीस?"

तिची नजर प्रदीपच्या ऑफिसकडे गेली आणि परत आली. "कामावरनं."

"मग?"

"हात धुतलं, ह्याला पाजलं. साडेअकराला तोडायला गेले. तवा आबा टेबलापाशी फुलं निवडीत हुते. बाराला आमी धाजणी आंब्याखाली जेवाय बसलो, ती पाऊन वाजंस्तवर."

"साडेअकराला आबांना दुसऱ्या कोणी पाहिलं?"

"न्हाई." तिनं बाळाच्या कानावरची माशी उडवली. "मॅडम, मला न्यायचं तर न्या. पर हे वरचं दूध घेत न्हाई. तेवढं बघून न्या."

अपेक्षांनी वही मिटली आणि त्या आबांकडे वळल्या.

*

आबा गोधडीत गुरफटून चहा पीत होते.

"कोणी कोंडलं, पाहिलं?"

"पाठ हुती. फुलांची बादली ठिवाय वाकलो, दार लागलं, दिवा गेला. लय बडवलं. मशिनीच्या आवाजात कोन ऐकतंय?"

"आत कधी गेलात?"

"पोरीशी बोलनं झालं आन् लगीच. धा मिनटं टेबलाशी काम केलं आसंल."

"घड्याळ पाहिलं होतं?"

"घड्याळ घालतंय कोन?"

"दहा मिनिटांत किती फुलं निवडली?"

आबा हसले. "मोजत बसलो तर काम कवा करू?"

"आणि अंधारात काय केलंत?"

"फुलांच्या बादल्या, कागद, रबर आतच आस्त्यात. गड्ड्या बांधल्या. हात थांबले आस्ते तर मेलो आस्तो. वीस दांड्या, कागद, रबर. चाळीस वर्सं हेच करतोय, डोळं कशाला लागत्यात?"

"मधे थांबला नाहीत?"

"दार उघडलं तवा रबर बोटातच हुता. महिपतीला इचारा."

महिपतीनं मान हलवली. "खरं हाय, मॅडम. रोज एकला मीच उघडतो म्हणून वाचले. नाहीतर तपासणी साहेबांनी तरी उघडलं असतं, पण आज ते कोल्ड रूम न बघताच गेले."

"कोण साहेब?"

"माल घेणाऱ्या कंपनीचे. साडेबाराला आले, पावणेएकला गेले. प्रदीपभाऊ म्हणाले, आत दुरुस्ती चाललीय."

"चालली होती?"

"मला तर कोणी मिस्त्री दिसला नाही."

*

अपेक्षा कोल्ड रूममध्ये शिरल्या. मांडणीवर गड्ड्यांच्या सरळ रांगा होत्या, सगळ्या फुलांची डोकी एका पातळीत. खालच्या फळीवर मात्र काही गड्ड्या वेड्यावाकड्या. एक फूल वर, एक खाली. त्यांनी मोजल्या. सोळा. प्रत्येकीत वीसच दांड्या, एकही चूक नाही.

"महिपती, दार लावा. दिवाही बंद करा. दहा मिनिटं झाली असं मला वाटलं की दार ठोठावीन. किती झाली ते बाहेर बघा."

दार लागलं. अंधार डोळ्यांना चिकटला. मशीन घरघरत होतं. बोटं दुखायला लागली, मग दुखायची थांबली, आणि तेच जास्त भीतीचं होतं. त्यांनी मनात साठ-साठ मोजायचा प्रयत्न केला, मोजणी चुकली, परत सुरू केली. शेवटी राहवेना, तेव्हा दार ठोठावलं.

"किती?"

"साडेचार मिनिटं, मॅडम."

बाहेर येऊन त्यांनी आबांना डोळे मिटून एक गड्डी बांधायला सांगितलं. आबांनी आधी दोन्ही हात थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. "खरं बघायचं तर खरंच बघा." दांड्या मोजल्या, कागद गुंडाळला, रबर चढवला. तीन मिनिटं लागली.

*

सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. चैताली बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली.

"आबा खोटं बोलत नाहीत," अपेक्षा म्हणाल्या. "पण त्यांचे दोन तास घड्याळाचे नाहीत. मला बाहेर येणं हातात असूनही साडेचार मिनिटांची दहा वाटली. त्यांना तर दार उघडेल की नाही हेच माहीत नव्हतं. अशा माणसाचा वेळ फुगतो. आणि मान खाली घालून आवडीचं काम करणाऱ्याचा आटतो. म्हणून टेबलाशी गेलेला तास त्यांना दहा मिनिटांचा वाटला."

"हे सगळं मानण्यावर," प्रदीप म्हणाला.

"हातांचं काम मानण्यावर नसतं. अंधारात बांधलेल्या गड्ड्या सोळा. प्रत्येकीला तीन मिनिटं, म्हणजे अठ्ठेचाळीस. आधी दार बडवण्यात गेलेली सात धरा. पंचावन्न. एकमधून पंचावन्न गेले की बारा वाजून पाच. तेव्हा चैताली नऊ बायकांसोबत आंब्याखाली जेवत होती. आणि तुम्ही वडगावहून परत आला होता."

"मी कशाला कोंडू आबांना?"

"साहेबांना कोल्ड रूममध्ये दुरुस्ती चालल्याचं सांगितलंत. मिस्त्री कुठाय?"

प्रदीपनं खिशातली किल्ली चाचपली.

अपेक्षा चैतालीकडे वळल्या. "सकाळी तू कुठल्या पॉलिहाऊसमध्ये होतीस?"

तिच्याऐवजी आबा बोलले. "चार नंबरात. पहाटं फवारनी झालेली. चोवीस तास आत जायचं न्हाई, फलकावर लिवलंय. आन् ह्यानं पोरीला आठाला आत घातली, साहेब यायच्या आधी माल निघावा म्हनून. ती तशीच लेकराला पाजाय बसली. मी वरडनार न्हाई तर काय? ह्याला सकाळीच सांगितलं, साहेब आलं की त्यांच्या कानावर घालतो."

चैतालीनं आबांकडे पाहिलं. खांद्यावरचं बाळ तिनं लुगड्यापासून दूर धरलं.

"एकला महिपती उघडणारच होता," प्रदीप पुटपुटला. "तासाभराचा प्रश्न होता. मला कोणाला मारायचं नव्हतं."

"मग दोन तासांवर एवढा भर कशाला दिलात? आबांनी वेळ चुकून सांगितली आणि तुम्ही ती हिच्या गळ्यात बांधलीत. सात महिन्यांच्या पोराच्या आईला कोठडीत घालायला निघालात."

सोबत आलेल्या हवालदारानं प्रदीपला महिपतीच्या गाडीत बसवलं. आपली जीप अपेक्षांनी चैतालीपुढे उभी केली. "बाळाला घेऊन आधी दवाखान्यात. डॉक्टरांना फवारलेल्या कीडनाशकाचं नाव सांग, डबा सोबत ने. तुझा जबाब उद्या."

"मला सोडलं न्हवं?"

"तुला धरलंच नव्हतं."

जीप फाटकातून बाहेर पडली. अपेक्षा जबाब लिहायला आबांजवळ बसल्या.

"किती येळ लिवला, बाई?"

"पंचावन्न मिनिटं."

"ऱ्हाऊ द्या, तुमच्या कामाचं हाय ते." आबांनी गोधडी गळ्याशी ओढली. "पर मी आत दोन तासच हुतो."

अपेक्षांनी खालच्या ओळीत तेही लिहिलं.