नळीचं दुसरं टोक

बंदरावरची सगळ्यात उंच क्रेन चालवणारी बाई, आणि दवाखान्याच्या बाकावर बसली होती कशी, तर अंग चोरून, मांडीवरची करडी पिशवी ओढणीखाली लपवत. पिशवीत एक मशीन, एक लांब नळी आणि नाकावर बसवायचा मास्क. चोरीचा माल थोडाच होता तो? पण समोरून जाणारी प्रत्येक नर्स मनात म्हणतेय, हीच ती घोरणारी, असं तिला वाटत होतं.

घोरण्यावरून तिनं कमी भोगलं नव्हतं. एकाशी लग्न ठरत आलं होतं. सहलीत बसमध्ये तिचा डोळा लागला, आणि त्या पठ्ठ्यानं तिचं घोरणं फोनवर टिपून मित्रांना ऐकवलं. ती जागी झाली तेव्हा अख्खी बस खिदळत होती. लग्न तिनंच मोडलं, पण तेव्हापासून चारचौघांत डोळे मिटायचीसुद्धा तिला धास्ती बसली.

आणि नुसतं घोरणं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. झोपेत तिचा श्वासच मधे अडकायचा, दचकून पुन्हा सुरू व्हायचा, रात्रभर तेच. सकाळी उठायची ती दळण दळून उठल्यासारखी. एका दुपारी क्रेनच्या केबिनमध्ये, हुकाला कंटेनर लटकत असताना, तिची मान खाली आली. मुकादम खालून बोंबलला म्हणून थोडक्यात निभावलं. कुणाला खरचटलंही नाही, पण तिला केबिनमधून जे खाली उतरवलं ते उतरवलंच. आता ती गोदामात बसून हेल्मेटं वाटत होती आणि खिडकीतून आपल्या क्रेनवर दुसऱ्याला चढताना बघत होती. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं की झोपेत नाकात हवा सोडत राहणारं हे मशीन लावून नीट झोपायला लाग, पुढच्या तपासणीत तसं दिसलं तर वर जायची परवानगी देईन, नाहीतर गोदाम आहेच.

तर अशी ती बसली होती, आणि शेजारी एक जण येऊन टेकला. कानाच्या पाळीला पीठ लागलेलं, अंगाला ताज्या पावाचा वास, आणि मांडीवर… अगदी तशीच करडी पिशवी. लपवलेली वगैरे नाही, उघडी, खुशाल. तिचा जीव असा काही भांड्यात पडला म्हणता!

"तुमचंही मशीन आजच मिळालं?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं आपल्या पिशवीकडे बघितलं, मग तिच्या ओढणीखालून डोकावणाऱ्या पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ बघितलं.

"हो…" तो म्हणाला. "आजच."

मग काय, गाडी सुरू झाली. तो बेकरीवाला निघाला. पहाटेपासून भट्टी, दुपारी दोन खेपांच्या मधे थोडी उसंत. तिनंही आपलं गाऱ्हाणं ओकून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवसा जागेपणी मास्क लावून बसायचा सराव कर, नाकाला सवय झाली की रात्री झोप लागेल. पण एकटीनं सोंड लावून बसायचं म्हणजे शिक्षाच की. त्यावर तो म्हणाला की मग एकटीनं कशाला, दोघं बसू, फोनवर, समोरासमोर. म्हणाला आणि स्वतःच लाजला. तिनं नंबर कधी दिला हे तिलाही कळलं नाही.

पहिल्या रात्री मशीननं तिच्या नाकी नऊ आणले. धावत्या ट्रकच्या खिडकीतून तोंड बाहेर काढावं तशी हवा नाकात घुसायची. आईनं दारातून बघितलं आणि विमान चालवायला निघालीस का म्हणून विचारलं. झोप लागली की तिचे हात आपोआप मास्क ओढून फेकून द्यायचे.

पण दुपार… गोदामातून घरी आल्यावरच्या दुपारची ती वाट बघायला लागली.

दोघांच्याही चेहऱ्यावर मास्क. आता या नाकाच्या मास्कची गंमत अशी, की तोंड उघडायची सोय नाही. उघडलं की नाकातून गेलेली हवा तोंडातून फुर्रकन बाहेर. म्हणजे बोलायचं नाही, नुसतं बघायचं. आता नुसतं बघत बसलेली दोन माणसं काय करणार? तो भुवया नाचवायचा. कणकेच्या गोळ्याला दोन मनुके लावून त्याला तिच्यासारखं रागीट बघायला लावायचा. ती हसू दाबायची, दाबायची, आणि मग फुर्र! सगळी हवा सुटायची, डोळ्यांत पाणी यायचं. तो मात्र खुशाल दात काढून हसायचा आणि त्याची हवा कधी म्हणजे कधी सुटायची नाही. हे कसं जमतं म्हणून तिनं एकदा विचारलं, तर भट्टीपाशी उभं राहून दमसास वाढतो म्हणाला. तिनं ते खरं मानलं. प्रेमात पडलेल्या माणसाला काहीही खपतं.

सराव संपला की मास्क काढून गप्पा. एकदा तो तिच्याकडे नुसताच बघत राहिला.

"काय झालं?"

"गालावर रेघा उठल्यात. पट्ट्यांच्या."

तिनं घाईनं गाल चोळले. "जातील थोड्या वेळात."

"राहू देत ना… भट्टीत घालायच्या आधी पावाला चिरा देतो आम्ही. अगदी तशा दिसतायत."

"म्हणजे मी फुगलेय, असं म्हणायचंय तुला?"

"चांगल्या फुगलेल्या पावालाच चीर शोभते," तो म्हणाला, आणि तिनं फोन बंद केला. मग कितीतरी वेळ ती आरशासमोर उभी राहून त्या रेघा बघत होती.

नाकाला सवय होत चालली. मास्क आता अर्धी रात्र टिकायचा, मग अर्ध्याहून जास्त. सकाळी डोकं हलकं वाटायला लागलं. आनंदानं तिला गोदामाच्या आवारात उड्या माराव्याशा वाटायच्या. केबिन परत मिळणार, आणि वर हा माणूस! जो आपल्यासारखाच आहे, ज्याच्यापुढे लाजायचं कारण नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी मात्र माशी शिंकली. सराव चालू असताना भट्टीची घंटा वाजली आणि तो ताटं काढायला उठला, मास्क नाकावर तसाच ठेवून. त्याच्याबरोबर नळीही उठली. क्रेनवालीची नजर ती. उचललेल्या वस्तूचा दोर दुसऱ्या टोकाला कुठे बांधलाय, हे ती आधी बघणार. टोक कुठेच बांधलेलं नव्हतं. नळी त्याच्या गुडघ्याशी मोकळी झुलत होती. मशीनच नव्हतं.

तिच्या कानांत बसमधलं ते खिदळणं पुन्हा सुरू झालं. इतके दिवस एक चांगला धडधाकट झोपणारा माणूस समोर बसून आपली सोंड बघत होता, आणि आपण त्याला आपला समजत होतो. तिनं मास्क काढला, फोन पालथा घातला आणि तरातरा बेकरी गाठली.

काउंटरवर त्याचे बाबा होते. तिला बघताच त्यांचा चेहरा उजळला. तूच का ती, म्हणाले, मग याला सांग माझा जुना मास्क परत कर म्हणून, नवीन चिमटतोय. तिला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

तो आतून आला, हात कोपरापर्यंत पिठात.

"सगळं बाबांचं होतं," तोच आधी म्हणाला. "त्या दिवशी त्यांचा मास्क बदलायला आलो होतो."

"मग हो का म्हणालास?"

"तू पिशवी लपवत होतीस. नाही म्हणालो असतो, तर तू उठून लांब जाऊन बसली असतीस." त्यानं हातांवरचं पीठ झटकलं. "आणि मला तू लांब जायला नको होतीस. नंतर रोज सांगणार होतो… रोज धीर झाला नाही."

"हसायला बरं सापडलं तुला."

"हसायचं असतं तर तुला नुसतं बघून हसलो असतो. स्वतः कशाला घालून बसलो असतो ते?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला घोरण्याचं काय सांगतेस. बाबांच्या घोरण्यात लहानाचा मोठा झालो. त्यांना मशीन लागलं आणि घर असं चिडीचूप झालं, की मलाच झोप येईना. भट्टी पेटायच्या आधीच उठून बसतो."

तिला हसू येत होतं, पण राग नाकाच्या शेंड्यावर होता आणि तो इतक्यात उतरणार नव्हता. ती वळली. मागून तो म्हणाला, "माझ्यावर राग धर, हवा तेवढा. पण आज मास्क लाव. केबिन तुझी आहे."

घरी येऊन, त्याला चार शिव्या देत तिनं मास्क लावला. पट्ट्या आवळताना आणखी दोन दिल्या. उरलेल्या उद्या द्यायच्या असं ठरवत होती, तेवढ्यात डोळा लागला असणार, कारण पुढचं तिला कळलं ते थेट उजाडल्यावर. उन्हं पायांवर आली होती आणि मास्क जागच्या जागी होता. ती तशीच पडून राहिली, हात छातीवर ठेवून, स्वतःचा श्वास ऐकत.

मशीनमधली सगळी माहिती बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. एवढी प्रगती फार थोडे लोक दाखवतात, म्हणाल्या, आणि परवानगी दिली. मुकादमानं केबिनची किल्ली हातात ठेवली तेव्हा तिला गहिवरून आलं. शिडी चढताना पाय जमिनीला लागत नव्हते, आणि हे खरंही होतं. वर पोचून तिनं काच पुसली, खुर्ची पुढे ओढली, आणि पहिला कंटेनर असा अलगद उचलला, की खालच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. डोकं लख्ख जागं होतं. आणि त्या लख्ख डोक्यात पहिला विचार आला तो त्याचा. ही बातमी त्याला आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

पाळी संपल्यावर ती हेल्मेटसकट बेकरीत शिरली. तो ताटावर पाव मांडत होता. तिला बघून त्याचा हात थांबला.

"केबिन मिळाली," ती म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमललं, ते बघून तिची उरलीसुरली अढीही गेली. "तू खोटं बोललास, ते मला आवडलं नाही. परत बोललास तर बघ. पण तू… तू मला आवडतोस. फार."

त्यानं हातातला पाव ताटावर मांडला. मग ताट खाली ठेवून हळूच म्हणाला, "एक विचारू? तुझं मशीन पलंगाच्या कुठल्या बाजूला असतं?"

"डाव्या. का?"

"मग उजवी बाजू माझी… चालेल?"

तिचे कान तापले. मागे त्याचे बाबा उगाचच पावांच्या पिशव्या मोजायला लागले.

"रात्री माझी हवा सुटली, तर उठवायचं," ती म्हणाली. "हसायचं नाही."

"हसणार. आधी उठवीन, मग दोघं हसू."

तिनं हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं, आणि त्याचा पिठानं भरलेला हात तसाच आपल्या हातात घेतला.