तासाला आठ टक्के

तो पहिल्यांदा आमच्या फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या गाडीत चार टक्के जीव उरला होता. त्याच्यात त्याहूनही कमी.

गाडी निळी. ना आवाज, ना धूर. चोरपावलांनी आली आणि थेट माझ्या पायाशी थांबली. मी अंगणातल्या कुंड्या उचलून व्हरांड्यात ठेवत होते, कारण मावशीचा रिव्हर्सचा तास होता. मी ड्रायव्हिंग शिकवते. ही माझी सख्खी मावशी, शेजारीच राहते, आणि दोन वर्षं शिकतेच आहे. तिच्या शिक्षणात आत्तापर्यंत पाच कुंड्या कामी आल्यात.

गाडीची काच खाली झाली. गरम हवेचा लोट आला आणि मागून एक घामाघूम चेहरा. चार्ज वाचवायला बिचारा एसी बंद करून आला होता.

"फास्ट चार्जर... हाच ना?"

"हे घर आहे."

"हो, पण..." त्यानं मोबाईल पुढे केला. चार्जिंग शोधायच्या ॲपवर बरोबर आमच्या घरावर हिरवी खूण होती. खाली लिहिलं होतं: फास्ट चार्जिंग. चहा मिळेल.

'चहा मिळेल' वाचलं आणि मला गुन्हेगार कळला.

"बाबाऽऽ!"

बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत. नोकरीत होते तेव्हा लोक त्यांच्या मागे लागायचे, आता ते लोकांच्या मागे लागतात. लगबगीनं बाहेर आले, गाडी बघितली, आणि दुकान उघडून बसलेल्याला पहिलं गिऱ्हाईक दिसावं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो!" असं म्हणत त्यांनी मागच्या शेडमधल्या वॉशिंग मशीनचा प्लग उपटला. मशीन आईचे कपडे पोटात घेऊन आचके देत थांबलं.

"बाबा, हा फास्ट चार्जर आहे?"

"त्यांनी विचारलं होतं, फास्ट की स्लो. आता बेल वाजली की मी लगेच उठतो की नाही? केली फास्टवर खूण!"

तो पायरीवर बसला. "काका, या प्लगवर तासाला आठ टक्के भरणार."

"मग वाईट आहे का? बँक वर्षाला सात देते!"

मला हसू आवरेना. त्यानं वर बघितलं. एवढं रडवेलं तोंड करून बसलेला माणूस... आणि त्याच्याही ओठाचा एक कोपरा हळूच वर गेला. बस, तेवढंच. पण हातातली कुंडी खाली ठेवायची मी विसरले.

चहाबरोबर बाबांनी त्याची सगळी माहिती काढली. "काय करता?"

"खुर्च्या दुरुस्त करतो."

"सुतार?"

"नाही, दातांच्या डॉक्टरांकडच्या. मागे आडव्या होतात ना, त्या."

बाबांचा हात आपोआप गालावर गेला. तेव्हापासून तो आमच्या घरात 'खुर्चीवाला' झाला.

गावोगावचे दवाखाने करत फिरायचा. आणि फिरायचा कसा, तर आधी नकाशावर चार्जर शोधायचा, मग त्यांच्यामधून रस्ता आखायचा. कुठं जेवायचं हे त्याचं पोट ठरवायचं नाही, गाडी ठरवायची. भूक लागायची एका गावात आणि चार्जर असायचा दुसऱ्याच. एकदा म्हणे एक चार्जर सापडला तो स्मशानाच्या पार्किंगमध्ये. तिथं तीन अंत्यविधींना हजर राहिला, कारण नुसतं बसून राहणं बरं दिसेना.

"रडलात का?" मी विचारलं.

"तिसऱ्याला. तोवर ओळख झाली होती घरच्यांशी."

इतक्यात मावशी आली. रिव्हर्स शिकवायला खांब हवेत आणि माझा एक खांब कमी होता, तो आदल्या तासाला मावशीनंच आडवा केला होता. खुर्चीवाल्याला संध्याकाळपर्यंत काही उद्योग नव्हता. तो उठला. "मी उभा राहू?"

"खांब म्हणून?"

"गाडी चार्ज होतेय, मी काय करू?"

"हलायचं नाही हं."

"खांब कुठं हलतो?"

आणि खरंच, तो हलला नाही. मावशीची गाडी वेडीवाकडी मागं येत होती, मी ओरडत होते, "मावशी, ब्रेक... ब्रेक!" आणि तो हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून ताठ उभा. गाडी त्याच्या गुडघ्याला नुसती टेकली आणि थांबली. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून वाचला.

"भीती नाही वाटली?"

एक डोळा उघडून म्हणाला, "वाटली. पण मॅडमनी सांगितलं होतं, हलायचं नाही."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी आरसा नीट करायला घेतला. आरसा नीटच होता.

पुढं दर पंधरा दिवसांनी तो येऊ लागला. दोन शहरांच्या मध्ये दुसरा चार्जर नव्हता, आमचा वॉशिंग मशीनचा प्लग तेवढा होता. सकाळी यायचा, उन्हं उतरली की जायचा. आईचे कपडे त्या दिवशी साबणात भिजत पडायचे, पण तिनंही कधी कुरकुर केली नाही. आमच्या घरातली एकूण एक खुर्ची कुरकुरायची थांबली. बाबांच्या आरामखुर्चीला तर त्यानं काय केलं कोण जाणे, बाबा बसले की ती आपोआप मागं जायची आणि बाबा आपोआप 'आ' करायचे.

एकदा म्हणाला, "या, एक चक्कर मारू. आवाज न करणारी गाडी कशी असते बघा."

मी शेजारी बसले. गाडी झाडांखालून सरकली. काचेवरून पानांच्या सावल्या वाहत होत्या. इतकी शांतता की त्याचा श्वास ऐकू येत होता... आणि त्याला माझा येत असेल या विचारानं मी तो रोखून धरला.

"मॅडम, तुमचा पाय काय शोधतोय?"

बघते तर माझा उजवा पाय खालचं पायपुसणं दाबत होता. जोरजोरात.

"ब्रेक."

"मी इतका वाईट चालवतो?"

"सवय आहे. दुसऱ्याच्या हातात गाडी असली की माझा पाय गप्प बसत नाही."

"कधीच नाही?"

"अजून तरी नाही."

त्यानं गाडी आणखी हळू केली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला.

आणि मग ती बातमी आली. हायवेच्या वळणावर, खराखुरा फास्ट चार्जर होणार! वीस मिनिटांत गाडी भरून मोकळी.

बातमी बाबांनीच पेपरातून वाचून दाखवली, पडलेल्या आवाजात. त्या दिवशी खुर्चीवाला आमच्याच टेबलाशी बसला होता.

"बरं झालं की," मी म्हणाले. "तुमचा वेळ वाचेल."

"हो... वाचेल."

"एवढा वेळ काढायचा म्हणजे कंटाळाच येत असेल."

"नाही, तसं..." त्यानं कप उचलला, परत ठेवला. कप रिकामा होता. "तुमचाही प्लग मोकळा होईल."

"हो ना. कपडे भिजत पडतात."

इतकं शहाण्यासारखं बोललो आम्ही दोघं की विचारू नका. तो गेला आणि मी आख्खी संध्याकाळ विद्यार्थ्यांवर ओरडले. एकानं तर दुसऱ्या दिवसापासून शाळाच बदलली.

पंधरवडा भरला. नेमकं त्याच दिवशी नव्या चार्जरचं उद्घाटन. तरी बाबांनी सकाळीच मशीनचा प्लग काढून ठेवला होता. "येईल गं," म्हणाले आणि टोपी घालून कुठेतरी निघून गेले.

मी मावशीला घेऊन फाटकाशी गाडीत बसले होते. मन गाडीत नव्हतं. एवढंच चाललं होतं आत, आज तो वळला तर वळला. नाही वळला तर... समजायचं की इतके दिवस तो प्लगसाठीच येत होता.

निळी गाडी आली. तिच्या आरशाला फुगे बांधलेले होते. आणि ती वळली नाही. सरळ गेली. त्यानं मान वळवून इकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं," मावशी म्हणाली, "तुझा खांब पुढं गेला."

"मावशी, गियर बघ."

"तो बघ ना, फुगे काय, थाट काय!"

"मावशी, रस्ता बघ."

"रस्त्यावरच तर तो आहे!" आणि दोन वर्षांत जी कधी दुसऱ्या गियरच्या वर गेली नव्हती, त्या माझ्या मावशीनं तिसरा टाकला.

"कुठं चाललीस?"

"माहीत नाही! थांबता येईना!"

हायवेच्या वळणावर मांडव, माणसं, लाल फीत, आणि हातात कात्री घेतलेले प्रमुख पाहुणे. फितीच्या पलीकडे नवाकोरा चार्जर आणि त्याला जोडलेली निळी गाडी. उद्घाटनाच्या फोटोला एक तरी इलेक्ट्रिक गाडी हवी, आणि गावात एकही नव्हती, म्हणून त्याला मघाशी नाक्यावरच धरून फुगे बांधले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तो दिसला. त्याला मी दिसले.

मी फितीकडे बघायला हवं होतं. मावशीनं तर गर्दी बघून डोळेच मिटले होते. माझा पाय ब्रेकवर पडेपर्यंत फीत तुटून बॉनेटवर आली होती. प्रमुख पाहुणे हवेत कात्री चालवत राहिले. आमची गाडी उतारावरून घसरत त्याच्या गाडीच्या हातभर अलीकडे थांबली, आणि मधल्या हातभर जागेत... तो. हात अंगाला चिकटवून. ताठ.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फीत तुटली की टाळ्या वाजवायच्या, एवढंच लोकांना सांगितलं होतं. इलेक्ट्रिक चार्जरचं उद्घाटन पेट्रोलच्या शिकाऊ गाडीनं केलं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"इथं भरतोयस?" गर्दीतून आवाज आला. बाबा! शत्रूचा चार्जर बघायला आले होते. "आमच्या प्लगला काय धाड भरली होती?"

"काका, आज मला तुमच्याकडे चार्जिंगला यायचं नव्हतं..."

माझा पाय ब्रेकवर आणखी घट्ट दाबला गेला.

"...नुसतं यायचं होतं."

"नुसतं म्हणजे?" मावशीनं एक डोळा उघडून विचारलं.

तो बाबांशी बोलत होता, पण बघत होता काचेतून माझ्याकडे. "दर वेळी गाडी रिकामी घेऊन यायचो. कुणालाही वाटणार, गाडीसाठी येतो. म्हणून म्हटलं, आज इथं भरून घ्यावी, मग जावं. म्हणजे यायला काही कारणच उरणार नाही."

"कारण नाही तर येणार कशाला?" बाबा चिडले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "खाली उतरा ना. मग सांगतो."

"नाही उतरता येणार," माझा आवाज चिरकला. "मी ब्रेकवरचा पाय काढला तर तुम्ही जाल."

"मग असंच सांगू?"

"सांगा... पण लवकर. पाय भरून आलाय."

"मला तुम्ही आवडता." मागे त्याच्या गाडीवरचा एक फुगा फुटला. "पहिल्या दिवसापासून. चार टक्क्यांवर होतो तेव्हापासून. तुम्ही 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा, विचार करते म्हणा... मी हलणार नाही."

"हलू नकोस!" मी ओरडले. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, मलाच कळलं नाही. "मावशी, हँडब्रेक ओढ!"

"तो कुठला?"

"दोन वर्षं झाली, मावशी!"

तिनं ओढला. बरोबर तोच. मी पाय काढला. गाडी जागची हलली नाही, आणि इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं असं खाली उतरलं की मला हसूही आलं आणि रडूही. दार उघडून गेले आणि त्या हातभर जागेत त्याच्यासमोर उभी राहिले. पुढं मागं बंपर. जायला जागाच नव्हती. गरजही नव्हती.

"हो," मी म्हणाले. "इतके दिवस का लावलेस, गाढवा?"

"तासाला आठ टक्के," तो म्हणाला. "याहून लवकर धीर भरत नाही माझा."

बाबांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. त्यांनी आधी डोळे पुसले, मग मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि आमच्या घरावरची 'फास्ट'ची खूण पुसून टाकली.

"आता कशाला, बाबा?"

"खोटं कशाला बोला? आपल्याकडे आलेला माणूस लवकर जात नाही."

मावशीला घरापर्यंत बाबांनी सोबत दिली, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. मी निळ्या गाडीत बसले. स्क्रीनवर शंभर टक्के दाखवत होतं.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं. सवयीनं बोट नकाशाकडे गेलं, चार्जर शोधायला.

मी त्याचा हात तिथून उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

गाडी आवाज न करता निघाली. बरीच पुढं गेल्यावर त्यानं खाली बघितलं आणि हसला. मीही बघितलं. माझा उजवा पाय पायपुसण्यावर नुसता पडून होता... गाढ झोपल्यासारखा.