टाकाचं कपाळ

बसा रे. लाईट बारा वाजता यायची, त्याच्या आधी मोटार काही चालायची न्हाई. तवर शेकोटी विझू देऊ नका. सटवा, ती बॅटरी बंद कर, मागून लागणार हाय. आणि मोबाइल खिशात घाल बे. शहादेव आण्णा रोज बोलत न्हाई.

भुताचं ऐकायचं म्हणता. तुमी भूत म्हणा, मी म्हणणार न्हाई. कावून, ते शेवटाला कळंल.

वडवणीचा प्रविण फोटोवाला तुमाला माहीत हाय. माझा जावई. माझी सुनिता त्याला दिलती. सहा दिवसांच्या तापात गेली पोर. भरल्या कपाळानं गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली आणि तशीच उचलली. नवऱ्याच्या आधी जाती ती मेल्यावर बी सवाष्णच. तिचं कुंकू कुणी पुसत न्हाई.

वर्षानं मीच पुढं होऊन प्रविणचं दुसरं लगीन लावलं. लोक म्हणले, शहादेवला येड लागलं. लागू द्या. अंजू युसूफ वडगाव ह्या गावची, गरिबाची लेक. दिवाळीला माहेर म्हणून माझ्याच घरी येती, मला आण्णाच म्हणती. एक लेक गेली, एक आली, असं म्हणायचं आणि गप बसायचं.

आता आपल्यात रीत कशी हाय, दुसरेपणाची बाई पहिलीचा टाक गळ्यात घालती. टाक म्हणजे चांदीचा एवढासा पत्रा, अंगठ्याच्या नखाएवढा, वर बाईचं रूप ठोकलेलं. डोळ्याला दोन ठिपके, नाकाला एक रेघ. सोनार सगळ्या मेलेल्या बायांना एकच तोंड देतो. पण घरात ती पहिलीच असती. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग अंगाला. अंजू ह्या बाबतीत लई कडक. रोज सकाळी करंड्यात बोट बुडवणार, आधी टाकाच्या कपाळाला लावणार, मग त्याच बोटानं सोताच्या कपाळाला. ‘ताईचं उरलेलं माझं’ म्हणायची. टिकलीचं पाकीट तिनं कधी घरात आणलं न्हाई.

सुनिता बी तसंच लावायची, करंगळीशेजारच्या बोटानं. त्या बोटाला तिच्या कोयत्याची खूण होती. बारा वर्षांची असताना मी तिला शाळेतून काढून ऊसतोडीला नेलती. तिसऱ्याच दिवशी कोयता बोटावर आला. जाऊ द्या. ते आता काढत न्हाई.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. पौष महिना, अवसेची आदली रात्र, शुक्रवार.

पौषात लग्नं न्हाईत. लग्नं न्हाईत म्हणजे फोटोवाला माशा मारीत बसणार. प्रविणच्या डोक्यात आलं की आता लोक मोबाइलवर दागिने बघून घेतेत, तर आपण दागिन्यांचे फोटो काढावेत. बीडला जाऊन त्यानं एक लेन्स आणली, वापरलेली. मॅक्रो म्हणतेत तिला. साधी लेन्स लांबून माणूस बघती, ही जवळून कण बघती. मुंगीला मिशा किती, ते मोजून सांगती. मला दाखवलं होतं त्यानं, माझ्याच धोतराचा धागा. एवढा जाड दिसला की मला वाटलं दोरखंड हाय.

त्याच दिवशी तो बीडातल्या एका चांदीवाल्याकडं गेलता. विठ्ठलराव नाव. पैंजण, जोडवी, वाळे, सगळं तो मोबाइलवरून विकायचा. विठ्ठलराव म्हणला, “उद्या दहाच्या आत नमुना दाखव. नक्षीतला दाणा न दाणा दिसला पायजे. पटलं तर वर्षाचं काम तुझं.”

प्रविण म्हणला, “मग एखादं पैंजण द्या की नमुन्याला.”

“वळख ना पाळख, चांदी कशी देऊ? घरातलं काढ काहीतरी.”

घरात चांदी कुठली? अंजूचे पैंजण दुकानाच्या भाड्यात कवाच गेले होते. चांदी म्हणून घरात एकच जिन्नस. तिच्या गळ्यातला.

जेवणं झाल्यावर प्रविणनं विषय काढला. “तासाभराचं काम हाय.”

“टाक गळ्यातून काढायचा नसतो. तुमाला ठावं हाय.”

“काढायचा नसतो, पण फोटो घ्यायचा नसतो असं कोण म्हणलं? सुनिताचाच फोटो हाय म्हण की. वर्षाचं काम हाय, अंजू.”

 पौष तिला बी दिसत होता. शेवटी तिनं दोरा उतरवला. टाक दोन्ही डोळ्यांना लावला. म्हणली, “उघड्या टेबलावर ठेवू नका. खाली पान ठेवा.” आणि आत जाऊन निजली.

पुसू नका, असं ती म्हणली न्हाई. कोण म्हणंल? ते कुणाच्या मनात तरी येईल का?

पुढचं मला प्रविणनं तीन येळा सांगितलंय. तिन्ही येळा अक्षर बदललं न्हाई.

दुकानाच्या मागं घर, मधी एक दार. दार नुसतं लोटलं. टेबल मांडलं, दोन दिवे लावले. चांदी म्हणजे आरसा, समोरचं सगळं तिच्यात दिसतं, म्हणून बटर पेपरची खोपी केली, लेन्सपुरतं भोक ठेवलं. खाली नागवेलीचं पान, पानावर टाक. ह्या लेन्सचं असं हाय की नाक साफ दिसलं की कान धुकट. म्हणून केसभर केसभर सरकवत चाळीस फोटो घ्यायचे आणि मग कॉम्पुटरवर जोडायचे. बारा फोटो घेतले. घड्याळात साडेअकरा.

बघतो तर चांदीवर हिरवी झाक. पानाची असंल. त्यानं पान काढून टाकलं, टाक कोऱ्या काचेवर ठेवला.

पुन्हा बघितलं. कपाळावर कुंकू. दोन वर्षांचं, रोजचं, थरावर थर. साध्या डोळ्याला ठिपका दिसतो, ह्या लेन्समधी नांगरलेलं रान दिसत होतं. नुसती लाल ढेकळं. त्याला वाटलं, विठ्ठलराव म्हणंल घाण हाय.

त्यानं कान कोरायची कापसाची काडी घेतली. कापूस स्पिरिटात बुडवला. आणि पुसलं.

पोरांनो, प्रविण वाईट माणूस न्हाई. सुनिताच्या आजारात सहा दिवस तिच्या उशाशी बसून होता. पण त्या येळेला त्याला टाक दिसत न्हवता, सुनिता दिसत न्हवती. नमुना दिसत होता. एवढ्या जवळून बघितलं की माणसाला हेच होतं, कण दिसतो आणि बाकीचं जातं.

कपाळ लखलखीत झालं. तो पुन्हा कॅमेऱ्याशी बसला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं तर सगळं पांढरं. टाकावर वाफ धरलेली. थंडीचे दिवस, आपलाच श्वास लागला असंल. पुसली. परत धरली. त्यानं तोंडाला उपरणं बांधलं. परत धरली. मग श्वास रोखून बघत बसला.

वाफ आली... गेली.

आली... गेली.

श्वास रोखलाय ह्यानं. आणि वाफ येती, जाती. येती, जाती.

मग ती जरा विरली आणि मधी कपाळ दिसलं. कोरं. आरशासारखं. त्यात दोन दिवे दिसत होते. मधी लेन्सचं काळं भोक. आणि भोकाच्या बाजूला हिरवं.

पान तर काढलं होतं.

तो म्हणला, “अंजू, दिव्यातून सर.” त्याला वाटलं ती मागं येऊन हुबी राहिली. मागं बघितलं. कुणी न्हाई. दार तसंच लोटलेलं. आतून अंजूच्या घोरण्याचा आवाज. आणि अंजूच्या अंगात त्या दिवशी पिवळा गाऊन होता.

पुन्हा पडद्यावर बघितलं.

हिरवं जवळ आलतं.

त्याला उठायचं होतं. पाय उचलंनात. कॅमेरा आपोआप फोटो घेत होता. खट्. थोडं थांबून, खट्. दर फोटोला हिरवं मोठं. पदर दिसला. डोक्यावरून घेतलेला. पदराच्या आत तोंड... वाफेत. कपाळ तेवढं दिसलं.

कपाळ कोरं होतं.

खट्.

आता टाकावर वाफ आली की ह्याच्या छातीतला श्वास जायचा. वाफ गेली की उलीसा परत यायचा. मग तो बी कमी. वाफ दाट होत चालली. ह्याला हाक मारायची होती... तोंड उघडलं. आवाज न्हाई.

कुंकू पुसल्यावर बाई काय होती रे? बोला की. रांड होती. आणि बाई रांड व्हायला आधी काय व्हावं लागतं...

हं. तेच होत होतं.

अंजूला जाग आली ती गळ्याशी गार लागलं म्हणून. टाकाच्या जागी गार. तिनं हाक मारली. दार ढकललं. प्रविण कॅमेऱ्यावर वाकलेला, डोळे पडद्याला खिळलेले, ओठ निळे. दुसरी असती तर नवऱ्याला धरून रडली असती. अंजूनं आधी टाकाकडं बघितलं. कोरं कपाळ बघितलं. बाजूला पडलेला लाल कापूस बघितला. तिला सगळं कळलं.

करंडा आत देवघरात. तेवढा येळ न्हवता. तिनं सोताच्या कपाळावर बोट ठेवलं. होतं न्हवतं तेवढं सगळं कुंकू त्या बोटावर घेतलं. सोताचं कपाळ मोकळं केलं बघा, जित्या नवऱ्यापुढं. आणि खोपीत हात घालून ते टाकाच्या कपाळाला लावलं.

म्हणली, “ताई, त्यो तुमचाच हाय. आधी तुमचा. मला उरलं तर लावीन, न्हाईतर न्हाई. पण त्याला सोडा.”

 ती तशीच हुबी... बोट टाकावर.

कॅमेरा एकदा वाजला. खट्.

आणि प्रविण खोकला. पाण्यात बुडालेला माणूस वर काढल्यावर खोकतो, तसा.

सकाळी अंजूनं करंडा काढला. आधी टाकाला लावलं. मग हात कपाळापाशी नेला आणि थांबली. प्रविणकडं बघितलं. तो म्हणला, “लाव.” मग लावलं. विठ्ठलरावाचा फोन दहाला आला, साडेदहाला आला, मग आला न्हाई. ते काम गेलं. प्रविण अजून लग्नंच काढतो, पौषात माशा मारतो. फोटो त्यानं सगळे पुसून टाकले, मला दाखवले न्हाईत. मी मागितले बी न्हाईत. मागायला पायजे होते का, हे रात्री कधी कधी मनात येतं.

लेन्स तेवढी दोघांनी माझ्याकडं आणून दिली. म्हणले, आण्णा, ही आमच्या घरात नको. पुरू वाटंना, फेकू वाटंना. माझ्या खिशात असती. ही बघा.

सटवा, लाव आता बॅटरी. काचेत लाल दिसतंय?

घासू नको. घासून जात न्हाई, मी धोतराच्या सोग्यानं दिवसभर घासून बसलोय. ते आतून हाय, दोन काचांच्या मधी. बीडच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणला, आण्णा, ही लेन्स बनल्यापासून कुणी उघडलेलीच न्हाई, स्क्रूवरचा रंग बी तुटला न्हाई. मग म्हणला, बुरशी असंल. बुरशी लाल असती का, इचारलं, तर पैसे न घेता परत दिली.

बोटाचा ठसा हाय तो. कुंकवाचा. अंजूचं बोट मी बघितलंय, साफ हाय. प्रविणचं बी साफ हाय.

बॅटरी तिरपी धर. जरा अजून. बोटाच्या रेषा दिसल्या? आता त्या रेषा कापत एक रेघ गेलीय बघ, वरून खाली, तिरपी...

दिसली न्हवं?

त्या बोटाला मी फेटा फाडून बांधलता. कोयता बी तिच्या हातात मीच दिलता.