माळावरचे न मोजलेले ससे

सलग नवव्या सकाळी पिंजऱ्यांत तेच ससे होते.

अकरा वर्षांची शाल्मली धुक्यात वाकून एकेकाच्या कानातली कडी वाचत होती. सात, बारा, तीन. एकही ससा धडपडत नव्हता. तिने दारं उघडली, तरी सात नंबरचा बाहेर आला नाही. गाजर संपवून तो तिच्याकडे एकटक बघत बसला.

साल होतं २०६१. शाल्मलीचे आजोबा, डॉ. नीळकंठ खांबेटे, वन्यप्राण्यांची गणना करणारे शास्त्रज्ञ. सुट्टीत ती त्यांच्यासोबत बोरखेडच्या माळावर तंबूत राहायला आली होती. मदतीला नाकतोडा होता, सहा पायांचा यंत्रमानव. या माळावर अवकाशयानांचा तळ बांधायचा होता. पन्नासपेक्षा कमी ससे असतील तर ते पकडून दुसरीकडे सोडायचे आणि माळ सपाट करायचा, असं तळ बांधणाऱ्या समितीने ठरवलं होतं. आकडा द्यायला आता आठच दिवस उरले होते.

"अंदाज, एकवीस ससे," नाकतोडा म्हणाला.

"मग रोज सकाळी तंबूभोवतीचं गवत खाल्लेलं असतं, ते कोण खातं?" शाल्मलीने विचारलं.

धुक्यात कुठेतरी गवत हललं आणि थांबलं. दोघंही तिकडे बघत राहिले. काही दिसलं नाही.

तंबूत आल्यावर तिने विचारलं, "एकवीस आकडा आला कुठून?"

"समज, घमेल्यात हरभरे आहेत," आजोबा म्हणाले. "सगळे न मोजता किती ते सांगायचंय. वीस दाणे काढून रंगवायचे, परत टाकायचे, ढवळायचं. पुन्हा वीस काढले आणि त्यांत दोनच रंगीत निघाले, तर?"

"दहात एक रंगीत. रंगीत एकूण वीस, म्हणजे सगळे दोनशे."

"बरोबर. याला खूण-पुनर्पकड पद्धत (प्राणी पकडून, खूण करून सोडायचे आणि पुन्हा पकडल्यावर खुणेचे किती येतात ते पाहायचं) म्हणतात. आपण वीस सशांना कड्या घातल्या. पुढच्या खेपेला वीस पकडले, तर एकोणीस कडीवाले, म्हणजे सगळे मिळून जेमतेम एकवीस."

"पण आजोबा, घमेलं ढवळलंच गेलं नसेल तर? रंगीत दाणे वरच राहिले असतील तर?"

आजोबांनी चष्मा काढला. "काही ससे गाजराला सोकावतात. काही पिंजऱ्याच्या वासानेच बुजतात, ते कधीच येत नाहीत. आपला नमुना (सगळ्यांच्या जागी मोजायला घेतलेला थोडा भाग) सोकावलेल्यांचाच झाला. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

"मग जे येत नाहीत त्यांचं काय होईल?"

"ससा घाबरला की पळत नाही, जमिनीला चिकटून बसतो. यंत्रं येतील तेव्हाही ते तसेच बसून राहतील."

त्यांनी पिंजरे बंद केले. ससा न पकडता मोजायचा, तर त्याच्या लेंड्या मोजायच्या. दोन-दोन मीटर बाजूचे पन्नास चौकोन आखायचे, झाडून साफ करायचे आणि पाच दिवसांनी त्यांत किती लेंड्या पडल्या ते बघायचं. शाल्मलीला हिरव्या गवतातले चौकोन हवे होते.

"जागा यादृच्छिक (आपली आवडनिवड न लावता, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली) हवी," नाकतोडा म्हणाला आणि त्याने जागा काढून दिल्या. एकतिसावा चौकोन हिवराच्या काटेरी झाडोऱ्यात आला.

पाच दिवसांनी ती तिथे रांगत शिरली. आत वारा नव्हता, पाखराचा आवाज नव्हता. मोजता मोजता तिला हातभर अंतरावर एक तपकिरी दगड दिसला. दगडाला डोळा होता.

ती हलली नाही. त्याच्या मागे दुसरा डोळा होता. मग डावीकडे, मग मुळांपाशी. नऊ ससे पोट जमिनीला टेकवून, श्वास रोखून तिच्याकडे बघत होते. एकाच्याही कानात कडी नव्हती. इतके दिवस आपण यांच्यामधूनच चालत होतो, हे तिला कळलं. ती तशीच हळूहळू मागे सरकत बाहेर आली.

पन्नास चौकोनांत मिळून ऐंशी लेंड्या भरल्या. एक ससा दिवसाला साधारण चारशे लेंड्या टाकतो असं धरून आजोबांनी अख्ख्या शंभर हेक्टर माळाचं गणित मांडलं. उत्तर आलं दोनशे.

"नुसतं दोनशे लिहू नका," शाल्मली म्हणाली. "आपलं परत चुकलं असेल तर?"

आजोबांनी नाकतोड्याकडून चुकीची शक्यता तपासून घेतली आणि लिहिलं: दीडशे ते अडीचशे.

समितीने यानतळाचं काम थांबवलं आणि वर्षभर, प्रत्येक ऋतूत मोजणी करायला सांगितलं. आजोबा म्हणाले, आता लेंडीतल्या जनुकांवरून (आईबापांकडून आलेल्या गुणांच्या नोंदींवरून) प्रत्येक ससा वेगळा ओळखता येईल, कडीची गरजच नाही.

शाल्मलीने लेंड्या ठेवायला छोट्या डब्या धुऊन वाळत घातल्या आणि पहिल्या डबीवर लिहिलं, "हिवर, चौकोन एकतीस."