उजव्या हाताची खुर्ची

सारिका बँकेची लेखी परीक्षा तिसऱ्यांदा पास झाली, तेव्हा धाड गावातल्या घरी कोणी पेढे आणले नाहीत. आधीच्या दोन्ही वेळा आणले होते आणि दोन्ही वेळा ती मुलाखतीत पडली होती. वडील शंकरराव, बाजारात शिलाईचं दुकान चालवतात, त्यांनी मशीनवरून मान वर करून मुलाखत कुठे आहे एवढंच विचारलं. आई चांगुणाबाईंनी मात्र सांगून टाकलं, की ही शेवटची खेप. यंदा नाही झालं तर गावातल्या शाळेत जागा आहे, तिथे लागायचं आणि बँकेचं नाव घ्यायचं नाही. सारिका हो म्हणाली. मनाशी तिनं ठरवलं होतं, की यंदा पडायचंच नाही.

अभ्यासात ती कुठे कमी नव्हती. गणितं, बँकेचे नियम, चालू घडामोडी, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण टेबलापलीकडून चार माणसं बघायला लागली, की जीभ टाळूला चिकटायची आणि नजर एकदा खाली गेली की वर यायची नाही. बँक-अधिकारी व्हायला निघालेल्या माणसाचं असं कसं चालेल?

म्हणून ती खामगावला मावशीकडे राहायला गेली. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत उत्तमराव राहत. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. ओळखीतल्या मुलांकडून ते मुलाखतीचा सराव करून घेत. कापसाचा हंगाम होता. दिवसभर सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर ऐकू यायची आणि बैठकीच्या खिडकीच्या जाळीला रुईचे तंतू चिकटलेले असायचे.

उत्तमरावांची एक पद्धत होती. टेबलामागे ते तीन खुर्च्या मांडत. मधल्या खुर्चीवर स्वतः बसत. सारिकाच्या डाव्या हाताला प्लास्टिकची खुर्ची, उजव्या हाताला वेताची जुनी लाकडी, जी त्यांनी शाखेचं फर्निचर बदललं तेव्हा मोडीतून आणली होती. दोन्ही रिकाम्या. तिथं माणसं बसली आहेत असं समजायचं आणि उत्तर देताना त्यांच्याकडेही बघायचं.

पहिले काही दिवस सारिकानं फरशीलाच उत्तरं दिली. मग हळूहळू तिनं मान वर केली. प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघणं सोपं होतं, कारण ती नुसती खुर्ची होती. वेताच्या खुर्चीकडे बघताना मात्र वाक्य आपोआप नीट व्हायचं. कोणी लक्ष देऊन ऐकत असलं की आपण सांभाळून बोलतो, तसं. सारिकाला याचं बरंच वाटलं. सरावाचा गुण येतो आहे, असं ती मावशीला म्हणाली.

वेत अधूनमधून करकरायचा. हवा कोरडी आहे, लाकूड आवाज करणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. पण तो आवाज तिचं उत्तर लांबलं की यायचा. समोरचा माणूस कंटाळून बूड हलवतो, नेमका तेव्हा. ती उत्तरं आवरती घेऊ लागली. उत्तमरावांनी तिची पहिल्यांदा स्तुती केली ती त्याच आठवड्यात.

एका दुपारी विमलकाकू, उत्तमरावांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला, एक सारिकापुढे आणि तिसरा वेताच्या खुर्चीसमोर. ठेवल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मी काऊन आणला बाप्पा हा?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि कप उचलून आत घेऊन गेल्या.

टेबलावर, कप होता तिथं, ओलं वर्तुळ उरलं होतं.

त्यानंतरच्या खेपेला ते घडलं. उत्तमरावांनी शेतीकर्जाबद्दल विचारलं आणि तिनं उत्तर दिलं. मग ती जराशी उजवीकडे वळली आणि मागच्या वर्षीच्या मुलाखतीबद्दल बोलू लागली. तिथं कोणी तिला हसलं नव्हतं, ती म्हणाली. एका बाईंनी तिच्या गावाबद्दल आपुलकीनं विचारलं होतं. पण आपली बोली तोंडातून निसटेल या धास्तीनं तिनंच तोंड मिटून घेतलं होतं. आणि घरी तिनं सांगितलं, की त्यांनी अवघड प्रश्न विचारले. हे तिनं आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. आता ती सांगत होती, आवाज न कापता, समोर बघत.

बोलणं संपवून तिनं उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"सारिका," ते म्हणाले, "हे मी इचारलं नव्हतं."

खिडकीबाहेर कापसाची गाडी गेली. सारिकानं आठवून पाहिलं. आवाज तिनंही ऐकला नव्हता. विचारणारी बाई होती की पुरुष, सांगता येत नव्हतं. फक्त समोरच्याचं विचारून झालं आहे आणि आता आपली पाळी आहे, हे तिला पक्कं कळलं होतं.

उत्तमराव उठले. खुर्ची मागच्या अंगणात नेऊन ठेवतो म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"गरम हाय," ते हळूच म्हणाले.

घरी जावं, पुन्हा इकडे फिरकू नये, असं सारिकाच्या एका मनानं म्हटलं. पण मुलाखत तोंडावर आली होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिला कोणासमोर तरी बोलता आलं होतं.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "मले तिच्यासमोर बोलता येते."

खुर्ची राहिली.

पुढचे दिवस उत्तमराव आपली खुर्ची भिंतीकडे सरकवून गप्प बसून राहत. सारिका एकटीच बोले. मध्ये थांबे, मान हलवे, पुन्हा बोले. माहीत नसेल तिथं सरळ माहीत नाही म्हणे. मावशीच्या घरी झोपताना भीती वाटायची. सकाळी ती पदर खोचून पुन्हा निघायची.

नागपूरच्या मुलाखतीत तसं काहीच झालं नाही. पाच साधी माणसं होती, पाचही खुर्च्या भरलेल्या. त्यांनी विचारलं, तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. धाडच्या आठवडी बाजाराबद्दल बोलताना एकदा बोली निसटली, तशी ती स्वतःच हसली आणि पुढे बोलत राहिली.

निकाल लागला. शंकररावांनी दुकान बंद केलं आणि बाजारभर सांगत फिरले. चांगुणाबाई मुलीच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या.

रुजू होण्याआधी सारिका पेढे घेऊन खामगावला गेली. बैठकीत बीबी गावचा गोपाल नावाचा मुलगा सरावाला आला होता. घामाघूम, मान खाली. उत्तमरावांनी तिला आग्रह केला, की आता तू अधिकारी झालीस, ये, पॅनेलमध्ये बस. प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला होता. राहिली वेताची. क्षणभर ती घुटमळली. मग बसली. खुर्चीत काहीच नव्हतं. वेत थंड होता.

उत्तमरावांनी गोपालला दोन-तीन प्रश्न विचारले. तो फरशीकडे बघत तुटक बोलला.

मग त्यानं मान वर केली आणि सारिकाकडे पाहिलं.

तो बोलू लागला. बापाला वाटतं पोरगा इथं नुसता दिवस काढतो. त्यालाही कधीकधी तसंच वाटतं. म्हणून तो घरी फोन करत नाही. कुठेही न अडखळता त्यानं सगळं सांगितलं. मध्येच थांबला, ऐकल्यासारखी मान हलवली आणि पुढचं सांगितलं.

सारिकानं काही विचारलं नव्हतं.

गोपालनं डोळे पुसले. "मॅडम," तो म्हणाला, "हे मले आजलोक कोणी इचारलंच नव्हतं."

सारिकानं उत्तमरावांकडे पाहिलं. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

विमलकाकूंनी पाण्याचा पेला आणून दिला. सारिकानं तो एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितलं. खूप वेळ बोलल्यावर पडतो, तसा तिचा घसा कोरडा पडला होता.