वास हरवलेला पुदिना

औषधालयाच्या डॉक्टरबाईंनी सुक्या पुदिन्याचं एक पान दोन बोटांत चुरलं, नाकाशी नेलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसरं पान घेतलं. मग थेट पिशवीच्या तळाशी हात घालून तिसरं काढलं.

“दिसायला सुरेख आहे,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण हा पुदिना नाही, पुदिन्याचा फोटो आहे. वासच नाही याला.”

मावशीचा पाय मुरगळला होता, म्हणून ती तो स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली होती. तिने हात पुढे केला, एक पान चुरून हुंगलं आणि पिशवी हळूच बाजूला सारली. दाराशी उभी असलेली चौकशी हे सगळं पाहत होती. मावशी आपल्या पानांची बाजू घेत नाही म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बारा वर्षांच्या आयुष्यात तिने घरच्यांना इतके प्रश्न विचारले होते, की खरं नाव फक्त शाळेपुरतं उरलं होतं. सुट्टीत ती धाकट्या बहिणीला घेऊन मावशीकडे आली होती. बहीण सदा हिच्या मागे मागे, म्हणून ती शेपूट. आणि मावशीचा मुलगा तो भोंगा. तो कानात कुजबुजला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं.

घरामागे मावशीची औषधी वनस्पतींची बाग होती. अडुळसा, गवती चहा, कोरफड, सगळं होतं. पण खरा मान पुदिन्याचा. वरच्या माळ्यावर तो सावलीत वाळायचा आणि तिथून औषधालयात जायचा. सर्दीने नाक चोंदलेल्यांना तिथे वाफाऱ्यासाठी त्याच्या पुड्या मिळत. पुदिन्याने सर्दी बरी होत नाही, नाक मोकळं वाटतं आणि माणसाला झोप लागते, एवढंच. हे मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायची. आपल्या पानांबद्दल एक शब्द जास्त बोलायचं नाही, पण पान मात्र पहिल्या प्रतीचं द्यायचं, हा तिचा बाणा होता. आजवर तिची एकही पिशवी परत आली नव्हती.

डॉक्टरबाई बोलल्या ते अगदी सौम्यपणे. लोक पुड्या परत आणून देत होते, औषधालयाने जुना पाला खपवला असं म्हणत होते. महिनाअखेरीला त्या पुन्हा येणार होत्या. तेव्हाही माल असाच निघाला, तर त्यांना दुसरीकडून घ्यावा लागणार होता.

“वाईट वाटून घेऊ नका,” पिशवी तिथेच ठेवून निघताना त्या म्हणाल्या.

“वाईट तर वाटणारच,” मावशी म्हणाली. “माझं नाव आहे त्या पिशवीवर.”

बाई गेल्यावर मावशीचे यजमान, म्हणजे काका, माळ्यावरून खाली आले. मावशीच्या पायामुळे वाळवणीचं काम सध्या त्यांच्याकडे होतं आणि त्यांना त्याचा कोण अभिमान. पानं कशी हिरवीगार राहिली होती, कशी कुरकुरीत झाली होती आणि तीही निम्म्या वेळात! मग दोष वाळवणीत कसा असेल, असं त्यांचं म्हणणं. वाफाच म्हातारा झाला असणार.

मावशीलाही तसंच वाटू लागलं होतं. झाडं उपटून सगळा वाफा नव्याने लावते, असं ती पडलेल्या आवाजात म्हणाली. हा पुदिना तिने एका फांदीपासून वाढवला होता.

“मावशी, थांब जरा,” चौकशी म्हणाली. “आधी झाडाला विचारून येऊ दे.”

तिघंही बागेत पळाली. चौकशीने वाफ्यातलं एक ओलं पान तोडून चोळलं. वास असा भपकन आला की शेपूट दोन पावलं मागे सरली. वाफ्याच्या चारही कोपऱ्यांतली पानं चोळून झाली. सगळीकडे तोच ठसका. म्हणजे झाड निर्दोष होतं. वास वाफ्यात होता आणि पिशवीत नव्हता. मधल्या वाटेवर कुठेतरी तो पळून जात होता.

“किंवा कोणीतरी पळवत असेल,” भोंगा आपल्या परीने हळू म्हणाला. शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले.

मावशीकडे पानांवरची कीड पाहायचं भिंग होतं. ते मागून घेऊन चौकशीने ओलं पान उलटं धरलं. पाठीवर बारीक, गोल, चमकदार ठिपके दिसत होते. ते काय, हे तिने विचारायच्या आत मावशीनेच सांगितलं: त्या तेलाच्या पिशव्या, पुदिन्याचा सगळा जीव त्यांत. मग चौकशीने पिशवीतलं सुकं पान भिंगाखाली धरलं. ठिपके होते, पण बसलेले, रिकामे, हवा गेलेल्या फुग्यांसारखे.

आता तिचं डोकं धावू लागलं. तिने एकाच वाफ्यातून, एकाच सकाळी दोन जुड्या कापल्या. एक काकांच्या हाती माळ्यावर पाठवली, दुसरी जिन्याखालच्या अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात टांगली. काकांची जुडी खरोखरच झटपट वाळली. जिन्याखालची मात्र बरेच दिवस रेंगाळली आणि भोंगा रोज तिच्याकडे पाहून उसासे टाकत राहिला.

दोन्ही वाळल्यावर नाकाची परीक्षा ठरली. भोंगा परीक्षेला बसायला तयार होता, पण त्याला कुठली जुडी कुठली हे ठाऊक होतं, म्हणून चौकशीने त्याला बाद केलं. त्यावर तो फुगून बसला. शेपटीला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिचे डोळे बांधले आणि दोन वाट्या पुढे ठेवल्या.

“हा पुदिना,” ती जिन्याखालची वाटी हुंगून म्हणाली. माळ्यावरच्या वाटीत तिने नाक पार बुडवलं. “आणि हे गवत. गाईला द्या.”

काकांचा चेहरा पडला. पण माळ्यावर बिघडलंय काय, ते काही त्यांना सांगता येईना. माळा तोच, दोऱ्या त्याच. ऊन तिथे पूर्वीही येत नव्हतं आणि आताही येत नव्हतं.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या टेबलावर. शेजारच्या बेकरीतून ताजा पाव आला होता. शेपटीने एक घास घेतला आणि ताटली दूर सारली.

“मला दात घासायच्या पेस्टचा पाव नको.”

काका हसले. मावशीने तिला नाटकं पुरे कर म्हणून दटावलं. चौकशीने मात्र तो पाव उचलला, फोडला आणि हुंगला. पावाला पुदिन्याचा वास येत होता. अगदी पुसट, पण अस्सल, मावशीच्या वाफ्यातला.

“भोंग्या,” ती उठत म्हणाली, “आपल्या माळ्याची आणि बेकरीची भिंत एकच ना?”

तिघं धडाधडा जिना चढली. माळ्यावर खिडक्या घट्ट बंद होत्या. वाऱ्याने पानं उडतात म्हणून काकांनीच त्या लावून घेतल्या होत्या. चौकशीने बेकरीकडच्या भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. भिंत चांगलीच तापलेली होती. तिच्या वरच्या बाजूला जाळी लावलेला जुना झरोका होता. भोंग्याने स्टुलावर चढून पातळ कागदाची पट्टी जाळीसमोर धरली. पट्टी आडवी झाली आणि जाळीला चिकटून फडफडत बसली. पलीकडून काहीतरी हवा ओढत होतं.

गल्लीत येऊन पाहिलं तर बेकरीवाल्यांनी नुकतीच भट्टी दुरुस्त केलेली आणि बाहेरची हवा आत घ्यायला नवा पंखाही बसवलेला, नेमका झरोक्याच्या पलीकडे. नवं धुराडं भट्टीतून निघून सरळ या भिंतीलगत वर गेलं होतं. आता सगळं जुळत होतं. तापलेल्या भिंतीने माळा गरम व्हायचा, पानांतलं तेल उडायचं, आणि पलीकडचा पंखा ते ओढून थेट पावाच्या पिठावर सोडायचा. झटपट वाळलेली पानं हिरवी राहायची खरी, पण पोकळ.

मुलांनी धावत येऊन मावशीला सांगितलं. तिचे डोळे चमकले. तरी शेजाऱ्यावर नुसता आळ घ्यायचा नाही, आधी विचारा, असं तिने बजावलं. म्हणून मुलं बेकरीत गेली. बेकरीवाल्यांनी कानांवर हात ठेवले. पंखा बाहेर मोकळ्या अंगणात उघडतो आणि तिथलीच हवा आत घेतो, असं त्यांना मिस्त्रीने सांगितलं होतं. वर चढून पाहायला त्यांना वेळ कुठला? मावशींच्या माळ्यावरची एक झुळूकसुद्धा आपल्याकडे येत नाही, हे त्यांनी पीठ मळता मळता ठासून सांगितलं आणि मुलांना एकेक बिस्किट देऊन वाटेला लावलं.

“आता काय?” बिस्किट खात भोंगा म्हणाला.

“आता त्यांनाच सांगू दे,” चौकशी म्हणाली.

संध्याकाळी टोस्टची शेवटची खेप भट्टीत जायच्या वेळी तिने मावशीकडून निलगिरीचं तेल मागून घेतलं. कशाला हवंय हे मावशीने विचारलं नाही, फक्त डोळ्यांना हात लावू नका म्हणाली. चौकशीने एका जुन्या चादरीवर बऱ्यापैकी तेल शिंपडलं आणि भोंग्याने ती झरोक्यासमोरच्या दोरीवर वाळत घातली. मग तिघं पायरीवर वाट पाहत बसली.

फार वेळ बसावं लागलं नाही. आधी बेकरीत कोणीतरी शिंकलं. मग एका गिऱ्हाइकाने विचारलेलं गल्लीत ऐकू आलं, की हे टोस्ट चहाबरोबर खायचे की छातीला चोळायचे. पाठोपाठ बेकरीवाले हात पिठाने माखलेले, नाक लाल झालेलं, असे तरातरा मावशीच्या दारात आले.

“अहो वहिनी, हे काय चालवलंय? तुमच्या औषधाचा वास माझ्या पंख्यातून सगळा माझ्या टोस्टवर उतरतोय!”

“तुमच्या पंख्यातून?” चौकशीने अगदी साळसूदपणे विचारलं. “पण बेकरीकाका, तो तर अंगणात उघडतो ना?”

बेकरीवाल्यांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं. मग आपल्या भिंतीकडे.

मावशीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मगच सगळं नीट सांगितलं. काका त्यांना माळ्यावर घेऊन गेले आणि भिंतीला हात लावायला लावला. बेकरीवाले माणूस वाईट नव्हते. खाली आले तेव्हा त्यांची मान खाली होती. परत आलेल्या पिशवीबद्दल कळल्यावर तर ते कळवळले. आपला पाव कोणी असा परत केला असता तर आपल्याला झोप लागली नसती, असं म्हणाले. सकाळीच मिस्त्रीला बोलावण्याचा शब्द देऊन ते गेले. निलगिरीचे टोस्ट मात्र वाया गेले नाहीत. गल्लीतल्या दोन सर्दी झालेल्या आजोबांनी ते मागून नेले आणि दुसऱ्या दिवशी आणखी आहेत का म्हणून विचारायला आले.

मिस्त्री आला, बोलणी खाऊन कामाला लागला. धुराडं आणि पंखा अंगणाच्या बाजूने वळवले गेले, झरोका विटांनी बुजवला गेला. काकांनी कोणी न सांगता माळ्याच्या खिडक्या उघडल्या आणि पानं उडू नयेत म्हणून त्यांना बारीक जाळ्या ठोकल्या. घाई नडली, असं ते स्वतःशीच दोनदा पुटपुटले. वाफ्यातून नवी कापणी झाली. जुड्या बांधायच्या, विरळ टांगायच्या, रोज उलटायच्या, एखादं पान भिंगाखाली धरून ठिपके पाहायचे, हे सगळं मुलांनी केलं. मावशी खालून सूचना देत होती. पण हळूहळू सूचना कमी झाल्या आणि तिचं नुसतं ऐकणं वाढलं.

महिनाअखेरीला डॉक्टरबाई आल्या. या वेळची पानं मागच्याइतकी हिरवीगार दिसत नव्हती. बाईंनी एक पान घेतलं, चुरलं. त्यांना ते नाकाशी न्यावंच लागलं नाही. वास खोलीभर पसरला, दारापाशी उभ्या असलेल्या भोंग्यापर्यंत पोचला.

“हा पुदिना,” बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून त्यांनी पुन्हा एक श्वास घेतला. “काय केलंत तुम्ही?”

“मी काही केलं नाही,” मावशी म्हणाली. “त्यांना विचारा.”

मग चौकशीने सांगितलं: ओलं पान, भिंग, दोन जुड्या, डोळे बांधलेली शेपूट, पेस्टचा पाव, कागदाची पट्टी. चादरीची गोष्ट भोंग्याने सांगितली, आणि ती बेकरीतही ऐकू गेली असणार.

“पण नवीन वाळवणी एकदाच झालीय,” शेवटी चौकशी प्रामाणिकपणे म्हणाली. “खात्रीने सांगायला आणखी दोनतीनदा पाहायला हवं.”

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. “मोठमोठी माणसं एवढं पाहत नाहीत गं. मीसुद्धा पान हुंगलं आणि परत केलं. कारण शोधायचं माझ्या मनातही आलं नाही.” त्यांनी तिघांशी हात मिळवले, शेपटीशीही, आणि आता दर महिन्याला दुप्पट पिशव्या लागतील असं मावशीला सांगितलं.

पिशवीचं तोंड बांधायचं काम मावशी कधीच कोणाला देत नसे. काकांनासुद्धा नाही. माल बघितला, पसंत केला, मग शेवटची गाठ तिचीच. आज तिने सुतळी हातात घेतली, पिशवीकडे पाहिलं आणि सुतळी चौकशीपुढे धरली.

चौकशीने वर पाहिलं. एरवी तिने निदान चार प्रश्न विचारले असते, आज तिने नुसता हात पुढे केला.

“बांध,” मावशी म्हणाली. “माल तुझा आहे.”