जिन्यावरची वजाबाकी

दुसरीच्या वर्गात एवढा गोंगाट चालला होता, की माझ्या तिसरीतली मुलं भागाकार सोडून भिंतीला कान लावून बसली. शेवटी मी तणतणत गेले आणि शेजारचं दार उघडलं.

मुलं रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर एकेक अक्षर. आठवड्यापूर्वी रुजू झालेले नवे सर चक्क फरशीवर मांडी घालून बसले होते.

"बरं झालं आलात, बाई! आमचा 'र' आज गैरहजर आहे. 'चक्र' अडलंय. जरा 'र' होता का?"

"मी भांडायला आलेय."

"भांडा की. पण 'क'च्या पायाशी बसून भांडा... जागा तिथेच आहे."

अख्खा वर्ग माझ्याकडे डोळे लावून होता. मी बसले. 'क' झालेल्या मुलीने माझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळे "चक्र!" म्हणून ओरडले आणि गोल गोल धावत सुटले.

"आणि 'सूर्य' असता तर?" उठताना मी विचारलं.

"मग 'र' डोक्यावर बसतो." ते हसले. "पण पहिल्याच भेटीत तुम्हाला डोक्यावर बसवलं, तर मोठे सर काय म्हणतील?"

मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक — माझे काका. आईबाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, त्यांच्याच शाळेत मी शिकले आणि तिथेच शिक्षिका म्हणून लागले. व्हरांड्यात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे, ही त्यांची चांगल्या शाळेची व्याख्या. नव्या सरांना त्यांनी वर्षभरासाठी घेतलं होतं आणि आठवडाभरातच कपाळाला हात लावला होता.

मी मात्र शाळा सुटली की दुसरीच्या वर्गात पुठ्ठे कापायला बसू लागले. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, कळलंच नाही.

"तुझ्या गालाला डिंक लागलाय," एकदा तो म्हणाला.

"मग पूस ना."

त्याने पुसला. एवढ्याशा डिंकाला इतका वेळ लागत नाही... पण मीही घाई केली नाही.

जिन्याचा खेळ माझा. माझ्या वर्गाला वजाबाकी म्हटलं की घाम फुटायचा. मी पायऱ्यांवर खडूने आकडे लिहिले. बारातून पाच गेले, की पाच पायऱ्या खाली उतरायचं. त्याने जिना वरपासून खालपर्यंत निरखला.

"एका वेळी एकच मूल. आणि उड्या नकोत हं."

"तू खाली उभा राहा म्हणजे झालं, घाबरट."

तो उभा राहिला. पहिली दहा मुलं शहाण्यासारखी उतरली. मग कुणीतरी उडी मारली, सगळे खिदळले, आणि मीही... त्या हसण्याच्या भरात मी टाळी वाजवली. पुढच्या मुलीने दोन पायऱ्या एकदम घेतल्या. तो धावला, पण हात पोचायच्या आत ती कोपरावर पडली होती. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. तिला उचलून दवाखान्यात त्यानेच नेलं.

तिसऱ्या दिवशी काकांच्या खोलीत मुलीचे वडील आले. आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"हा उद्योग कुणाच्या डोक्यातून निघाला?" काकांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"माझ्या," तो म्हणाला.

मुलीचे वडील माझ्याकडे वळले. "पण वर्ग तुमचा होता ना, बाई? तुम्ही कशा तयार झालात?"

"सरांनी सांगितलं... म्हणून."

तो माझाच आवाज होता.

दुपारी तो शाळा सोडून जायच्या तयारीने दुसरीच्या वर्गात खण आवरत होता. मी दारात उभी राहिले.

"मला भीती वाटली रे. काकांसमोर माझं—"

"दोष मी आपणहून घेतला, त्याचं काही नाही." त्याने खण बंद केला. "पण नुसती गप्प बसली असतीस, तरी चाललं असतं गं."

मुलीचं प्लास्टर निघालं त्या दिवशी मी चहा पिताना काकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"माहीत आहे. पायऱ्यांवरचे आकडे तुझ्या हातचे होते. तुला लिहायला मी शिकवलंय."

"मग त्याला का जाऊ दिलंत?"

"तुझी नोकरी वाचत होती. शिवाय शाळाही शांत झाली."

मी कप तसाच ठेवून उठले आणि मुलीच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी ऐकून घेतलं. "एका भल्या माणसाला मी नाही नाही ते बोललो," एवढंच म्हणाले, आणि मला बसा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बसने दोन तास प्रवास करून मी त्याची नवी शाळा गाठली. वर्गातली मुलं हाताची घडी घालून बसली होती. मला बघून तो व्हरांड्यात आला. बारीक झाला होता.

"तिचा हात?"

"सरळ झाला. लिहायला लागली."

"मग झालं."

"खेळ... घेत नाहीस?"

"नाही. मुलं जागची उठली, की माझे हात गार पडतात." त्याने तळवे पँटला पुसले. "इथले मुख्याध्यापक खूश आहेत माझ्यावर."

"मी सगळ्यांना खरं सांगितलं. काकांना, तिच्या वडिलांना..."

"बरं केलंस."

"तुला एक सांगायचं राहिलंय. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

तो मैदानाकडे वळला.

"त्या खोलीत गेलो तेव्हा मला तशी खात्री होती," तो म्हणाला. "इतकी, की तूच आधी बोलशील म्हणून मी थांबलो होतो."

"आणि आता?"

"आता तास चालू आहे. परत जायला तीनची बस बरी पडेल, जागा मिळते."

तो आत गेला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं. "पान चौदा," आतून त्याचा आवाज आला, "ओळीवर बोट ठेवा. कुणी हलायचं नाही."

कुणीच हललं नसावं. मी पुष्कळ वेळ ऐकत उभी होते.